गिअरबॉक्स एकच असतो

मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये ज्या गोष्टींवर माणसांचा जीव अवलंबून असतो, त्या बहुतेक जोडीने असतात. इंजिने दोन असतात, हायड्रॉलिक यंत्रणा दोन असतात, जनित्रे दोन असतात आणि पुढच्या आसनांवर वैमानिकही दोन असतात. एकाने दगा दिला तर दुसऱ्यावर निभावून नेता येते. मुख्य गिअरबॉक्स मात्र एकच असतो. दोन्ही इंजिनांची ताकद त्याच्यात येऊन मिळते, वरचा रोटर त्याच्यावर फिरतो, आणि शेपटीच्या रोटरला, हायड्रॉलिक पंपांना व जनित्रांना लागणारी चालनाही त्याच्यातूनच निघते. हेलिकॉप्टरच्या चालना-यंत्रणेतले गेल्या साठ-सत्तर वर्षांतले शोध मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला त्यांच्यामागे हीच एक अडचण उभी दिसते: ज्या वस्तूला जोडीदार देता येत नाही, ती वस्तू निभावून कशी न्यायची आणि ती मोडण्याआधी तिच्याकडून इशारा कसा मिळवायचा.

मी ३१ वर्षे भोसरीतल्या एका कारखान्यात गिअर तपासणीचे काम केले. त्यातला बराचसा काळ ट्रक आणि ट्रॅक्टरच्या गिअरमध्ये गेला आणि शेवटची काही वर्षे विमान उद्योगासाठी बनणाऱ्या छोट्या भागांमध्ये गेली. माझा भाचा मुंबई हायवर तेलाच्या फलाटावर काम करतो. चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुट्टी अशी त्याची पाळी असते, आणि दर पाळीला तो जुहूहून हेलिकॉप्टरने समुद्रावर जातो. तो विमानतळावर निघाला की माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या डोक्यावरचा गिअरबॉक्स येतो. हा लेख म्हणूनच लिहितो आहे.

आधी त्या पेटीपुढचे काम किती अवघड आहे ते पाहू. ब्लॅक हॉक या अमेरिकी हेलिकॉप्टरच्या टर्बाइन इंजिनाचा शाफ्ट मिनिटाला सुमारे २०,९०० फेरे घेतो आणि वरचा रोटर मिनिटाला सुमारे २५८ फेरे घेतो. म्हणजे वेग जवळपास ८१ पटींनी उतरवायचा असतो, आणि वेग जितका उतरतो तितका पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), वाढतो. २,००० किलोवॅट शक्ती धरली तर इंजिनाच्या टोकाला तो पीळ ९०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि रोटरच्या टोकाला तोच ७४,००० न्यूटन-मीटरपर्यंत पोहोचतो. जमिनीवरच्या कारखान्यात असे काम करायचे असते तर आपण बिडाचा मोठा गिअरबॉक्स काँक्रीटच्या पायावर बसवला असता आणि वजनाचा विचारही केला नसता. इथे मात्र प्रत्येक किलो हवेत उचलून न्यायचा असतो.

वेग उतरवण्याचा पहिला भाग तिरप्या, वळणदार दातांच्या बेव्हल गिअरच्या दोन टप्प्यांत होतो. शेवटचा आणि सर्वांत जड भाग प्लॅनेटरी रचनेकडे असतो. मधोमध सन गिअर, त्याच्याभोवती फिरणारे प्लॅनेट गिअर आणि बाहेर स्थिर रिंग गिअर, अशी ती रचना. ब्लॅक हॉकमध्ये सनला ६२ दाते, प्रत्येक प्लॅनेटला ८३ आणि रिंगला २२८ दाते आहेत. २२८ ला ६२ ने भागून त्यात एक मिळवला की ४.६८ हे गुणोत्तर मिळते, आणि तेवढ्या एका टप्प्यात १,२०७ फेऱ्यांचे २५८ होतात. प्लॅनेट पाच असल्यामुळे भार पाच ठिकाणी वाटला जातो, म्हणून दाते लहान ठेवता येतात आणि पेटी आटोपशीर राहते. ही वाटणी फार सुंदर आहे, पण तिची किंमत प्लॅनेट गिअर मोजतो. त्याचा प्रत्येक दाता एका बाजूने सनला भिडतो आणि दुसऱ्या बाजूने रिंगला भिडतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत तो एकदा इकडे आणि एकदा तिकडे वाकवला जातो. वरच्या आकड्यांवरून हिशेब केला तर प्लॅनेट आपल्या आसाभोवती मिनिटाला सुमारे ७०९ फेरे घेतो, म्हणजे त्याचा एकेक दाता तासाला ८५,००० वेळा वाकतो. हजार तासांच्या उड्डाणात ही संख्या साडेआठ कोटींवर जाते. हाताने तार उलटसुलट वाकवून तोडणाऱ्या प्रत्येकाला धातूचा थकवा ठाऊक असतो. प्लॅनेट गिअरच्या संदर्भात मी पुढे पुन्हा याच ठिकाणी येणार आहे.

एकट्या गिअरबॉक्सला तारून नेणारा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत मोठा शोध फ्रीव्हीलचा आहे. सायकल चालवणाऱ्याला तो समजावून सांगायला नको: पायडल मारणे थांबवले तरी मागचे चाक फिरत राहते. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असाच एकमार्गी क्लच असतो. त्याच्या एका प्रकारात आतल्या आणि बाहेरच्या गुळगुळीत कड्यांमध्ये भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराचे पोलादी तुकडे दाटीने बसवलेले असतात. त्यांचा एक कर्ण दोन कड्यांमधल्या अंतरापेक्षा किंचित मोठा आणि दुसरा किंचित लहान असतो. इंजिन पुढे ढकलते तेव्हा ते तुकडे उभे राहू पाहतात आणि पाचरीसारखे अडकून सारा पीळ पुढे नेतात. इंजिन मंदावले आणि रोटर त्याच्यापेक्षा वेगाने फिरू लागला की तेच तुकडे आडवे होतात आणि रोटर मोकळा होतो. मग खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत राहतो, आणि गिअरबॉक्समधून उलट्या दिशेने शक्ती मिळून शेपटीचा रोटर आणि पंपही चालू राहतात. फ्रीव्हील गिअरबॉक्सच्या पुढे न बसवता इंजिनाच्या बाजूला बसवण्यामागे हाच विचार आहे.

याचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक २१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये झाले. ज्याँ बुले या वैमानिकाने लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेले. उतरण्यासाठी शक्ती कमी करताच त्या विरळ आणि गोठलेल्या हवेत इंजिन विझले आणि पुन्हा पेटले नाही. बुले यांनी तिथून जमिनीपर्यंतचा सारा प्रवास इंजिनाविना, केवळ मोकळ्या फिरणाऱ्या रोटरवर केला आणि सुखरूप उतरले. तेच लामा आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ‘चीता’ या नावाने बांधले आणि सियाचिनच्या उंचीवर आपल्या जवानांनी ते वर्षानुवर्षे वापरले.

शेपटीकडे जाणाऱ्या लांब शाफ्टबद्दल थोडक्यात सांगतो. उड्डाणात शेपटीचा दांडा वाकतो, त्यामुळे शाफ्ट एकसंध आणि ताठ ठेवला तर तो तुटेल. म्हणून त्याचे तुकडे करून मध्ये पातळ पोलादी चकत्यांचे जोड दिले जातात. त्या चकत्या पीळ पुरा नेतात आणि वाकणे स्वतःच्या लवचिकपणात जिरवतात; त्यांच्यात एकमेकांवर घासणारा भाग नसल्यामुळे त्यांना वंगणही लागत नाही.

गिअरबॉक्सला जोडीदार देता येत नसला तरी त्याच्या आतल्या वाटा वाढवता येतात, हा विचार सोव्हिएत अभियंत्यांनी फार पुढे नेला. मिल संस्थेच्या एमआय-६ या हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स ११,००० अश्वशक्ती पेलत असे आणि त्याचे वजन ३,२०० किलो होते. त्यानंतरच्या एमआय-२६ ला जवळपास २०,००० अश्वशक्ती मिनिटाला १३२ फेरे घेणाऱ्या आठ पात्यांच्या रोटरपर्यंत न्यायची होती, म्हणजे दहा लाख न्यूटन-मीटरच्या पुढचा पीळ. नेहमीची प्लॅनेटरी रचनाच मोठी केली असती तर वजन हाताबाहेर गेले असते. म्हणून मरात तिश्चेंको यांच्या नेतृत्वाखालच्या त्या संस्थेने गिअरबॉक्स स्वतःच आखला, आणि त्यात प्रत्येक इंजिनाचा पीळ अनेक समांतर वाटांत फोडून शेवटी मोठ्या गिअरवर पुन्हा एकत्र आणला. नवा गिअरबॉक्स सुमारे ३,६४० किलोचा झाला. शक्ती जवळपास दुप्पट आणि वजनात वाढ फक्त १४ टक्के, हे आकडे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा वही काढून पुन्हा पडताळले होते. अशा रचनेतला खरा कस वाटणी समान ठेवण्यात असतो, कारण दात कापताना राहिलेला केसाएवढा फरकही एका वाटेवर जास्त भार टाकतो. त्यासाठी मध्ये सडपातळ, पिळाला किंचित दबणारे शाफ्ट घालतात, म्हणजे ज्या वाटेवर भार जास्त येतो ती थोडी दबते आणि बाकीच्या वाटा आपला वाटा उचलतात. आपल्या हवाई दलाकडे चंदीगडला १९८६ पासून ही हेलिकॉप्टरे होती.

आता तेलाकडे येऊ. गिअरबॉक्समधले तेल वंगण तर देतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे उष्णता वाहून नेते. दातांच्या घर्षणात शक्तीचा एखाददुसरा टक्का वाया जातो, पण २,००० किलोवॅटचा एक टक्का म्हणजे २० किलोवॅट, आणि एवढी भट्टी एका पेटीत कोंडली तर दाते लवकरच मऊ पडतात. म्हणून अमेरिकी नियमांत १९८८ मध्ये अशी अट आली की मोठ्या प्रवासी हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स तेल गेल्यानंतरही ३० मिनिटे चालला पाहिजे. तीत एक सवलत होती: तेल जाण्याची शक्यता अत्यंत दुर्मीळ आहे असे दाखवता आले तर ही अट लागू होत नव्हती. १२ मार्च २००९ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून तेलाच्या फलाटाकडे निघालेल्या एस-९२ हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सवरील तेल-फिल्टरची वाटी धरून ठेवणारे तीनपैकी दोन टायटॅनियम स्टड तुटले आणि तेल निघून गेले. साधारण ११ मिनिटांत शेपटीच्या रोटरला चालना देणाऱ्या पिनियनचे, म्हणजे लहान गिअरचे, दाते नष्ट झाले आणि हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. १८ जणांपैकी १७ जण गेले. मान्यतेपूर्वीच्या चाचणीत तेल काढल्यावरही हा गिअरबॉक्स सुमारे ११ मिनिटेच चालला होता. शक्यता दुर्मीळ ठरवताना सारे लक्ष तेल थंड करणाऱ्या भागाच्या गळतीवर होते आणि फिल्टरचे तीन स्टड त्या हिशेबात आले नव्हते. अभियंत्याने ‘हे घडणारच नाही’ असे कागदावर लिहिणे मला तेव्हापासून अतिशय जड वाटते.

युरोपात याच प्रश्नावर वेगळा शोध लागला. ईसी-२२५ या हेलिकॉप्टरमध्ये तेल गेले तर इंजिनातून घेतलेल्या दाबाच्या हवेबरोबर ग्लायकॉल आणि पाण्याचे मिश्रण गिअरांवर फवारले जाते आणि त्यावर गिअरबॉक्स ३० मिनिटे तग धरतो. २०१२ मध्ये १० मे आणि २२ ऑक्टोबर या दिवशी उत्तर समुद्रावर दोन ईसी-२२५ मध्ये बेव्हल गिअरच्या उभ्या शाफ्टला वेल्डजवळ भेग जाऊन तो तुटला. तेलाचे पंप दोन होते, मुख्य आणि राखीव, पण दोघांना फिरवणारा शाफ्ट तोच एक होता, त्यामुळे दोन्ही एकदम थांबले. वैमानिकांनी फवारा सुरू केला आणि तो व्यवस्थित चाललाही. मात्र दाब मोजणाऱ्या स्विचची मर्यादा चुकीची ठरवलेली असल्यामुळे ‘फवारा बंद पडला’ असा दिवा लागला आणि वैमानिकांनी हेलिकॉप्टर पाण्यावर उतरवले. दोन्ही वेळचे मिळून ३३ जण वाचले. उपाय काम करतो आणि त्याचा दिवा खोटे सांगतो, अशी ही घटना आहे.

इशारा देणाऱ्या साधनांमध्ये सर्वांत साधे साधन म्हणजे तेलाच्या वाटेवर बसवलेला चुंबकी प्लग. गिअर किंवा बेअरिंग खराब होऊ लागले की पोलादाचे बारीक कण तेलात येतात, चुंबकाला चिकटतात आणि दोन टोकांमधले अंतर भरून निघाले की कॉकपिटमध्ये दिवा लागतो. तो प्लग काढून पांढऱ्या कपड्यावर पुसण्याचे काम मी चाचणी-बाकावर शेकडो वेळा केले आहे. नव्या गिअरमधून काळसर, पिठासारखा कीस येतो आणि त्याची चिंता नसते. चिंता पातळ, चपट्या आणि चमकणाऱ्या पापुद्र्याची असते, कारण असा पापुद्रा बेअरिंगच्या धावेवरून, म्हणजे रोलर जिच्यावरून फिरतात त्या वाटेवरून, सुटलेला असतो. भिंगाखाली त्याची एक बाजू आरशासारखी आणि दुसरी खडबडीत दिसते.

१ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडमधील पीटरहेडच्या किनाऱ्याजवळ सुपर प्यूमा हेलिकॉप्टरच्या प्लॅनेटरी भागातला दुसऱ्या टप्प्याचा एक प्लॅनेट गिअर थकव्याने तुटला, गिअरबॉक्स फुटला, रोटर सुटून गेला आणि १६ माणसे मरण पावली. आठवडाभर आधी त्या भागाच्या प्लगवर एक कण सापडला होता, पण तो कुठून आला हे नीट ओळखले गेले नाही. या तपासातली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी बाब पुढेच आहे. प्लॅनेटरी भागातल्या तेल वेगळे करणाऱ्या पत्र्यांवर चुंबकांचे कडे बसवलेले होते, हेतू असा की तिथले कण खाली उतरून दुसऱ्या गिअरांना इजा करू नयेत. चुंबकांनी आपले काम केले, आणि म्हणूनच जे कण इशारा देणाऱ्या प्लगपर्यंत पोहोचायला हवे होते ते वाटेतच अडकले. अपघातानंतर ती कडी काढून टाकायला सांगण्यात आले. गिअरचे रक्षण करणारी वस्तू गिअरची हाक अडवत होती, हे कळायला १६ जीव जावे लागले.

इथे माझ्या कामातली एक आठवण सांगणे आवश्यक आहे. केस-हार्डनिंग केलेले, म्हणजे फक्त वरचा थर कठीण केलेले, गिअर ग्राइंड केल्यावर त्यांची नायटल तपासणी होते. अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक आम्ल मिसळलेल्या टाकीत गिअर काही क्षण बुडवायचा, धुवायचा आणि उजेडात फिरवून पाहायचा. चांगला गिअर सर्वत्र सारखा राखाडी दिसतो. ग्राइंडिंगच्या वेळी कुठे उष्णता जास्त झाली असेल तर तिथे गडद डाग उमटतो; पृष्ठभाग गुळगुळीत असतो, माप बरोबर असते, पण त्या जागी पोलाद मऊ पडलेले असते. एकदा रात्रपाळीच्या शेवटी एका लॉटमधले काही गिअर मी पास केले, आणि सकाळी माझ्या तरुण सहकाऱ्याने त्यांतल्या एकाच्या दाताच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी सावली दाखवली. ग्राइंडिंगच्या मशीनवर कूलंटची नळी सरकली होती. लॉट रोखला गेला आणि काहीही बाहेर गेले नाही, परंतु ती सावली मी पाहिली होती आणि मला ती दिसली नव्हती. त्या दिवसापासून ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टी मी वेगळ्या लिहू लागलो.

२९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत गुलफॅक्स-बी या फलाटावरून बर्गनला परतणाऱ्या ईसी-२२५ चा रोटर तुरॉयजवळ हवेत असतानाच सुटला आणि १३ जण मरण पावले. पुन्हा दुसऱ्या टप्प्यातल्या आठपैकी एक प्लॅनेट गिअर तुटला होता. या गिअरची रचना स्वतःच एक शोध आहे. बेअरिंगची बाहेरची धाव वेगळे कडे म्हणून न बसवता गिअरच्या आतल्या भोकातच घडवलेली असते, त्यामुळे एक भाग वाचतो आणि वजन घटते. पण त्यामुळेच धावेवरची भेग आणि दातांची मुळे यांच्यामध्ये एकाच धातूची भिंत उरते. तुरॉयच्या गिअरमध्ये धावेच्या पृष्ठभागावरच्या एका सूक्ष्म खड्ड्यापासून भेग सुरू झाली, पृष्ठभागाच्या खालून पसरली आणि मग दातांकडे वळून तिने सारी कड फोडली. या काळात धावेवरून अगदी थोडे पापुद्रे सुटले, त्यामुळे चुंबकी प्लगकडून इशारा मिळाला नाही. देखभालीत किंवा वैमानिकांच्या हाताळणीत तपासणाऱ्यांना दोष आढळला नाही.

हेलिकॉप्टरवर कंपन मोजणारी यंत्रणाही होती. ब्रिटनमध्ये १९८६ साली शेटलंडजवळ चिनूक हेलिकॉप्टरच्या पुढच्या गिअरबॉक्समधले बेव्हल गिअर तुटून दोन रोटरांची पाती एकमेकांवर आदळली आणि ४५ जण गेले, त्यानंतर या यंत्रणेला खरी गती मिळाली. प्रत्येक गिअरचा स्वतःचा सूर असतो, दाते गुणिले फेरे एवढा, आणि पेटीच्या भिंतीवर बसवलेले कंपनमापक तो सूर बिघडला की ओळखतात. शाफ्ट आणि बेव्हल गिअरच्या बाबतीत ही पद्धत चांगली चालते आणि तिने अनेक दोष वेळेवर पकडले आहेत. प्लॅनेट गिअर मात्र स्वतःभोवती फिरतो आणि सनभोवतीही फिरतो, त्याच्या बेअरिंगचा आवाज रोलर, दाते, रिंग अशा अनेक सांध्यांमधून गाळून भिंतीपर्यंत येतो, आणि शेजारच्या सात प्लॅनेटच्या गलबल्यात तो बुडून जातो. तुरॉयच्या नोंदींतही आधी काही मिळाले नाही.

म्हणून पुढचा शोध आत शिरण्याचा आहे. पीटरहेडच्या अपघातानंतर युरोपीय विमान सुरक्षा संस्थेच्या पाठबळाने ब्रिटनच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठात प्यूमा हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सवर प्रयोग झाले. त्यात धातूत भेग वाढताना निघणाऱ्या अतिउच्च कंपनांचा वेध घेणारा संवेदक बाहेरच्या भिंतीऐवजी प्लॅनेटना वाहून नेणाऱ्या फिरत्या सांगाड्यावरच बसवला. तिथपर्यंत तार नेता येत नाही, कारण सांगाडा सतत फिरतो आणि सर्वत्र गरम तेल उडत असते, त्यामुळे संकेत बिनतारी मार्गाने बाहेर आणावा लागला. तपासणीसाठी त्यांनी मुद्दाम कोरलेले दोष प्लॅनेटच्या बेअरिंगच्या बाहेरच्या धावेवर होते.